आकाशाची खानेसुमारी

आकाशांतील ज्योतींची यादी करण्याचा उद्योग मनुष्यानें फार प्राचीन काळापासून चालविला आहे. आपल्या पूर्वजांनीं चंद्राच्या मार्गावरील तारकांचे सत्तावीस गट पाडून त्यांना अश्विनीपासून रेवतीपर्यंत नांवें दिलीं, ती एक प्रकारें आकाशाची नोंदवहीच होय. ही नोंदवही केवळ पंडितांच्या पंचांगांत राहिली नाहीं. जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखांत नागली आणि वरई पिकविणारा शेतकरीहि मृग वेळेवर लागला कीं नाहीं, आर्द्रा कोरड्या तर गेल्या नाहींत ना, याच भाषेंत पावसाचा हिशेब करीत आला आहे. अमावास्येच्या निरभ्र रात्रीं त्या पठारावर उभें राहून वर पाहिलें, तर निर्दोष दृष्टीच्या माणसाला एका वेळीं दोन-तीन हजार तारे दिसूं शकतात. परंतु ज्या आकाशाची हकीकत येथें सांगावयाची आहे, त्यांतील बहुतेक पदार्थ नुसत्या डोळ्यांना मुळींच दिसत नाहींत. तें आकाश रेडिओच्या लहरींनीं उजळलेलें आहे. त्याची मोजदाद अवघ्या शंभर वर्षांच्या आंतली आहे. आणि त्या मोजदादींत महाराष्ट्राच्या भूमीचा वांटा लहानसहान नाहीं.

घरांत रेडिओचा संच लावून कांटा फिरवीत असतां दोन केंद्रांच्या मधल्या जागेंत जी खरखर ऐकूं येते, ती श्रोत्यांच्या परिचयाची आहे. तिचा पुष्कळसा भाग विजांचा, यंत्रांचा आणि संचाच्या स्वतःच्या भागांचा असतो. परंतु तिच्यांत एक अत्यंत सूक्ष्म अंश आकाशांतून येणारा असतो, हें प्रथम ओळखलें तें कार्ल जान्स्की या तरुण अमेरिकन इंजिनियरानें. अटलांटिक महासागरापलीकडे रेडिओच्या साहाय्यानें टेलिफोनवर बोलण्यांत व्यत्यय कशानें येतो, हें शोधून काढण्याचें काम बेल कंपनीच्या प्रयोगशाळेनें त्याच्याकडे सोंपविलें होतें. न्यू जर्सी प्रांतांतील होम्डेल येथें चाकांवर फिरणारी एक लांबलचक चौकट उभारून त्यानें १९३१-३२ सालीं चहूं दिशांचा कानोसा घेतला. जवळच्या वादळांचा आवाज आणि दूरच्या वादळांचा आवाज हे दोन त्याला सहज ओळखतां आले. तिसरा एक अखंड, मंद फुसफुसाट मात्र कशाचा हें उमगेना. हा तिसरा आवाज दररोज सुमारें चार मिनिटें अगोदर शिगेला पोंचे. तारे आदल्या दिवसापेक्षां चार मिनिटें आधीं उगवतात, हें खगोलशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असतें. तेव्हां हा आवाज पृथ्वीवरचा नव्हे आणि सूर्याचाहि नव्हे. तो धनु राशीच्या दिशेनें, आकाशगंगेच्या गाभ्याकडून येतो, असें जान्स्कीनें १९३३ सालीं जाहीर केलें.

या शोधाची पंडितांनीं त्या वेळीं फारशी दखल घेतली नाहीं. ती घेतली एका हौशी माणसानें. इलिनॉय प्रांतांतील व्हीटन गांवीं ग्रोट रेबर यानें १९३७ सालीं पदरचे पैसे खर्चून आपल्या घराच्या परसांत ३१ फूट व्यासाची एक पत्र्याची तबकडी उभी केली. पहिल्या दोन प्रयत्नांत त्याच्या हातीं कांहींच लागलें नाहीं. तिसऱ्या खेपेस त्यानें अधिक लांबीच्या लहरींवर यंत्र जुळविलें आणि आकाशगंगेचा आवाज स्पष्ट ऐकूं आला. १९४४ सालीं त्यानें प्रसिद्ध केलेल्या नकाशांत धनु, हंस आणि शर्मिष्ठा या तीन ठिकाणीं आवाजाचे उंचवटे दाखविलेले आहेत. रेडिओ-आकाशाच्या मोजणीचा हा पहिला नकाशा होय.

दुसऱ्या महायुद्धांत रडारच्या निमित्तानें उत्तम रेडिओ-यंत्रें आणि तीं हाताळणारे कुशल तरुण तयार झाले होते. युद्ध संपतांच त्यांतील कित्येकांनीं आपलीं यंत्रें आकाशाकडे वळविलीं. ऑस्ट्रेलियांत जॉन बोल्टन आणि त्याचे सहकारी स्टॅन्ली व स्ली यांनीं १९४९ सालीं तीन रेडिओ-स्रोतांचीं ठिकाणें दृश्य पदार्थांशीं जुळवून दाखविलीं. त्यांतील एक वृषभ राशींतील खेकडा तेजोमेघ निघाला. १०५४ सालीं चिनी ज्योतिषांनीं जो 'पाहुणा तारा' भर दिवसा पाहिल्याची नोंद करून ठेवली आहे, त्याच्या स्फोटाचा तो अवशेष होय. दुसरे दोन स्रोत, कन्या आणि नरतुरंग या तारकासमूहांतले, आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी पलीकडच्या दीर्घिका ठरल्या. म्हणजे हा आवाज केवळ शेजारपाजारचा नव्हता. विश्वाच्या दूरदूरच्या वस्त्यांतून तो येत होता. आतां या वस्त्यांची पद्धतशीर खानेसुमारी करणें प्राप्त झालें.

परंतु ही खानेसुमारी दिसते तितकी सोपी नव्हती. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या लहरी अतिसूक्ष्म असतात; रेडिओच्या लहरी हातभर, पुरुषभर किंवा त्याहूनहि लांब असतात. लहर जितकी लांब, तितकें तिनें दिसणारें चित्र अंधुक. आणि तें स्पष्ट करावयाचें तर दुर्बीण तितकीच प्रचंड पाहिजे. अंधुक दृष्टीच्या कारकुनास खानेसुमारीला धाडलें तर काय होईल याची कल्पना करावी. शेजारशेजारच्या दोन झोंपड्या त्याला एकच मोठा वाडा वाटेल, आणि चार लहान घरांच्या सांवल्या एकत्र मिळून जेथें घरच नाहीं तेथें घर असल्याचा भास होईल. रेडिओ-आकाशाच्या प्रारंभींच्या मोजणीदारांची अवस्था नेमकी अशीच झाली.

इंग्लंडांत केंब्रिज येथें मार्टिन राईल यांनीं ही मोजणी हातीं घेतली. त्यांची पहिली यादी १९५० सालची. तींत अवघे ५० स्रोत होते. दुसरी यादी १९५५ सालीं निघाली; तींत १९३६ स्रोत होते. पन्नासांवरून एकदम दोन हजारांच्या घरांत संख्या गेल्यावर राईल यांना तिच्यांतून एक फार मोठा प्रश्न सोडवितां येईल असें वाटूं लागलें. विश्वाला आरंभ आहे काय, हाच तो प्रश्न.

त्या काळीं या प्रश्नावर दोन पक्ष होते. विश्व एका महास्फोटांतून निर्माण झालें व तेव्हांपासून तें प्रसरण पावत आहे, असें एक पक्ष म्हणे. दुसरा पक्ष फ्रेड हॉईल, हर्मन बाँडी व थॉमस गोल्ड यांचा. विश्व प्रसरण पावतें हें त्यांनाहि मान्य होतें. परंतु रिकाम्या झालेल्या जागेंत नवें द्रव्य सतत निर्माण होतें, म्हणून विश्वाचें रूप सर्वकाळ एकसारखेंच राहतें, त्याला आदि नाहीं व अंत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. याला स्थिर-स्थिति सिद्धान्त म्हणतात.

नुसत्या यादीनें या वादाचा निकाल कसा लागावा? गणित साधें आहे. सर्व स्रोत मूळचे सारख्याच तेजाचे आहेत आणि अवकाशांत सारखेच पसरले आहेत असें क्षणभर धरूं. दुप्पट अंतरावरचा दिवा चौपट मंद दिसतो. त्याच वेळीं दुप्पट त्रिज्येच्या गोलाचें घनफळ आठपट होतें. अर्थात् चौपट मंद स्रोतांपर्यंत मोजणी नेली तर एकूण संख्या आठपट भरली पाहिजे. स्थिर-स्थिति सिद्धान्त खरा असेल तर प्रसरणामुळें ती आठपटीपेक्षां थोडी कमीच भरेल. उलट, दूरच्या प्रदेशांत, म्हणजेच प्राचीन काळांत, स्रोत अधिक दाट असतील तर ती आठपटीहून जास्त भरेल. कारण दूरचा प्रकाश पुष्कळ पूर्वीं निघालेला असल्यामुळें दूर पाहणें म्हणजे भूतकाळांत पाहणें होय. राईल यांच्या दुसऱ्या यादीवरून ही वाढ सुमारें ६४पट निघत होती! स्थिर-स्थितीचा पक्ष हरला, असें त्यांनीं मानलें.

परंतु ऑस्ट्रेलियांत बर्नार्ड मिल्स व त्यांचे सहकारी आकाशाच्या कांहीं भागाची मोजणी निराळ्या यंत्रानें करीत होते. दोन्ही याद्यांत आलेला सामाईक भाग त्यांनीं १९५७ सालीं ताडून पाहिला, तेव्हां दोन्ही याद्यांचा मेळच बसेना. एका यादींत असलेले स्रोत दुसरींत जवळजवळ सांपडत नव्हते. केंब्रिजच्या यंत्राची दृष्टि अंधुक होती. अनेक मंद स्रोतांचे आवाज एकत्र मिसळून जेथें कांहीं नाहीं तेथें स्रोताचा भास झाला होता. दुसऱ्या यादींतील बहुसंख्य नोंदी अशा रीतीनें निकामी ठरल्या. विश्वाच्या उत्पत्तीचा निवाडा करूं पाहणारें बाड चुकीच्या हजेरीपटावर आधारलेलें होतें.

राईल यांनीं मग अधिक चांगलें यंत्र बांधून पुन्हां मोजणी केली. १९५९ सालच्या तिसऱ्या यादींत ४७१ स्रोत होते, आणि ते पुष्कळ अधिक विश्वासार्ह होते. या यादीचा दरारा पुढें असा वाढला कीं तींतील क्रमांक हींच त्या पदार्थांचीं नांवें होऊन बसलीं. २७३ व्या क्रमांकाचा स्रोत १९६२ च्या ऑगस्टांत चंद्राआड गेला, तेव्हां पार्क्सच्या ऑस्ट्रेलियन दुर्बिणीनें सिरिल हॅझर्ड व त्यांचे सहकारी यांनीं त्याची जागा अचूक ठरविली. आणि १९६३ सालीं मार्टेन श्मिट यांनीं तो ताऱ्यासारखा दिसणारा, परंतु अतिदूरचा व प्रचंड तेजाचा पदार्थ असल्याचें सिद्ध केलें. क्वेसार म्हणतात ते हेच. यादीकारानें निरपेक्षपणें टिपून ठेवलेल्या एका क्रमांकांतून खगोलशास्त्राचें नवें दालन उघडलें.

या वादाशीं एका मराठी तरुणाचा निकट संबंध आला. जयंत विष्णु नारळीकर यांचा जन्म कोल्हापूर येथें १९ जुलै १९३८ रोजीं झाला. वडील बनारस हिंदु विश्वविद्यालयांत गणिताचे प्राध्यापक. १९५७ सालीं केंब्रिजला गेलेले नारळीकर १९६० पासून हॉईल यांच्या हाताखालीं संशोधन करूं लागले. १९६१ च्या फेब्रुवारींत राईल यांनीं नवी मोजणी लोकांपुढें मांडली. आतां चौपट मंद स्रोतांपर्यंत जातां संख्या ६४पट नव्हे, तर सुमारें १२पट भरत होती. तरीहि ती आठपटीहून जास्त होती. लंडनच्या राजकीय ज्योतिष-संस्थेच्या सभेंत याला उत्तर देण्याचें काम हॉईल यांनीं आपल्या या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्यावर सोंपविलें. विश्वांत दीर्घिकांचे मोठमोठे समूह असतील आणि त्यांमध्यें मोकळ्या जागा असतील, तर अशी वाढ स्थिर-स्थितीच्या विश्वांतहि दिसूं शकेल, असा त्या उत्तराचा आशय होता. त्या वयाच्या विद्यार्थ्यानें ज्येष्ठ शास्त्रज्ञांच्या सभेंत उभें राहून असें उत्तर द्यावें, ही लहान गोष्ट नव्हे. पुढें १९६५ सालीं पेंझियस व विल्सन यांना विश्वांत सर्वत्र भरलेल्या मंद सूक्ष्मलहरी सांपडल्या आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. स्रोतांच्या संख्येचा राईल यांनीं काढलेला अर्थहि स्थूलमानानें टिकला. नारळीकरांनीं मात्र बहुमत झालें म्हणून प्रश्न विचारण्याचें सोडलें नाहीं. २० मे २०२५ रोजीं पुण्यांत त्यांचें देहावसान झालें, तोंवर त्यांची ही जिज्ञासु वृत्ति कायम होती.

आतां स्वदेशाकडे वळूं. १९६१ सालीं परदेशांत काम करणाऱ्या चार भारतीय रेडिओ-खगोलशास्त्रज्ञांनीं, गोविंद स्वरूप, टी. के. मेनन, मुकुल कुंडू आणि टी. कृष्णन यांनीं, मायदेशीं परत येऊन हें शास्त्र उभारण्याची तयारी पत्रानें कळविली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे प्रमुख होमी भाभा यांनीं १९६२ च्या आरंभीं तारेनें होकार दिला. १९६३ सालीं स्वरूप मुंबईस आले. त्यांच्या पहिल्या दुर्बिणीची कथा मनोरंजक आहे. सिडनीजवळच्या पॉट्स हिल येथें सूर्याचा वेध घेण्यासाठीं बांधलेल्या, सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्या तेथें निरुपयोगी झाल्यावर ऑस्ट्रेलियानें भारताला भेट दिल्या होत्या. त्या दिल्लीस येऊन कांहीं वर्षें पडून राहिल्या होत्या. स्वरूप यांनीं त्या मागवून घेतल्या आणि १९६५ सालीं कल्याण येथें मांडल्या: २४ तबकड्या पूर्व-पश्चिम रांगेंत व ८ दक्षिणोत्तर रांगेंत. जव्हार-मोखाडा हा मुलूख तेव्हां ज्या ठाणें जिल्ह्यांत मोडत होता, त्याच जिल्ह्यांत भारताची ही पहिली रेडिओ-दुर्बीण उभी राहिली. पालघर जिल्हा वेगळा झाला तो पुष्कळ पुढें, २०१४ सालीं. कल्याणच्या दुर्बिणीनें सूर्याचा अभ्यास तीनच वर्षें केला. परंतु तिच्यावर हात बसलेले तरुण हीच तिची खरी कमाई होती.

दूरच्या स्रोतांच्या मोजणीसाठीं फार मोठें यंत्र हवें होतें, आणि तें परवडण्यासारखें हवें होतें. चंद्राआड जाणाऱ्या स्रोताची जागा ठरविण्याची हॅझर्ड यांची रीत स्वरूप यांच्या वाचनांत आली होती. चंद्र ताऱ्यांमधून एका सेकंदांत अर्ध्या विकलेच्या आसपास सरकतो. एखादा स्रोत त्याच्या कडेआड जातांना चटकन् नाहींसा झाला तर तो बिंदुवत्. वीस सेकंद लागले तर तो सुमारें दहा विकला रुंद. म्हणजे चंद्राची कड हीच मोजपट्टी होते, आणि अंधुक दृष्टीच्या दुर्बिणीलाहि तीक्ष्ण डोळा प्राप्त होतो. यासाठीं चंद्राचा तासन्‌तास पाठलाग करणारी दुर्बीण पाहिजे. निलगिरींत उटकमंडजवळ ११ अंश उतरणीची एक टेकडी निवडण्यांत आली. तें ठिकाण उत्तर अक्षांश ११ वर असल्यामुळें टेकडीच्या उतरणीवर मांडलेला दुर्बिणीचा आंस आपोआपच पृथ्वीच्या आंसाला समांतर झाला, आणि एकाच दिशेनें फिरवून चंद्राचा नऊ-साडेनऊ तास पाठलाग करणें शक्य झालें. ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद अशी ही दुर्बीण १९७० सालीं सुरू झाली. भूगोलाचा असा सरळ उपयोग क्वचितच कोणीं केला असेल.

उटकमंडच्या दुर्बिणीनें पुढल्या कांहीं वर्षांत सुमारें हजार मंद स्रोतांच्या आकारांचीं मापें घेतलीं. १९७५ सालीं स्वरूप आणि त्यांचे सहकारी विजय कपाही यांनीं यांतून निष्कर्ष काढले. स्रोत जसजसे मंद होत जातात, तसतसा त्यांचा दिसणारा आकार लहान होत जातो. आणि हा आकार ज्या प्रमाणांत घटतो तें प्रमाण स्थिर-स्थितीच्या अपेक्षेशीं जुळत नाहीं, प्राचीन काळीं हे स्रोत आजच्याहून निराळे होते या मताशीं जुळतें. हॉईल यांचे शिष्य नारळीकर १९७२ पासून याच टाटा संस्थेंत प्राध्यापक होते. एकाच छपराखालीं एक शास्त्रज्ञ सिद्धान्ताच्या बाजूनें झुंजतो आणि दुसरा त्याच्याविरुद्ध पुरावा प्रसिद्ध करतो, तरी दोघे एकमेकांचा मान राखतात, हें दृश्य आमच्या सार्वजनिक जीवनालाहि अनुकरणीय आहे.

१९८४ सालीं स्वरूप यांनीं याहून मोठी योजना मांडली. पुण्याच्या उत्तरेस सुमारें ८० किलोमीटरांवर, जुन्नर तालुक्यांत, नारायणगांवाजवळच्या खोडद गांवीं ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभारावयाच्या होत्या. एवढ्या तबकड्या भरीव पत्र्याच्या केल्या असत्या तर त्यांचें वजन व खर्च आवांक्याबाहेर गेला असता. मीटरभर लांबीच्या लहरींना बारीक भोंकांचा अडथळा होत नाहीं, हें जाणून ताणलेल्या तारांच्या दोरखंडांवर पोलादी तारेची जाळी बसविण्याची युक्ति काढण्यांत आली. वारा जाळींतून निघून जातो. लहरी मात्र परावृत्त होतात. १४ तबकड्या मध्यभागीं सुमारें एक चौरस किलोमीटरांत आहेत व १६ तबकड्या तीन फांट्यांवर दूरवर पसरल्या आहेत. सर्वांत लांबच्या दोन तबकड्यांत सुमारें २५ किलोमीटर अंतर आहे. पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरते तसतशीं ह्या तबकड्यांचीं परस्परांतील अंतरें आकाशाच्या दृष्टीनें बदलत जातात, आणि गणिताच्या बळावर ३० लहान डोळ्यांचा एक २५ किलोमीटर रुंद डोळा तयार होतो. ही रीत विकसित करण्यांत प्रमुख वांटा राईल यांचाच. त्यांना १९७४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. खोडदची दुर्बीण ४ ऑक्टोबर २००१ रोजीं राष्ट्राला अर्पण करण्यांत आली. सर्व जगांतील शास्त्रज्ञ तिच्यावर वेळ मागतात. स्वरूप यांचें निधन ७ सप्टेंबर २०२० रोजीं पुण्यांत झालें.

या दुर्बिणीनें होणारी मोजणी दोन प्रकारची आहे. एका प्रकारांत आकाशाचा एक लहानसा तुकडा घेऊन त्याची खोल झडती घेतात. सप्तर्षींच्या जवळ लिंक्स नांवाचा एक मंद तारकासमूह आहे. त्यांतील एका क्षेत्राचा वेध ईश्वरचंद्र व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दोन मीटर लांबीच्या लहरींवर घेतला आणि त्याचा वृत्तांत २०१० सालीं प्रसिद्ध झाला. सुमारें १५ चौरस अंशांत ७६५ स्रोत सांपडले. हेच स्रोत अधिक आंखूड लहरींवर इतर देशांच्या दुर्बिणींनीं पूर्वींच टिपलेले होते. तेव्हां दोन्ही नोंदी ताडून प्रत्येक स्रोताचें तेज लहरींच्या लांबीप्रमाणें कसें बदलतें हें पाहतां आलें. ज्यांचें तेज आंखूड लहरींकडे झपाट्यानें घसरतें, ते बहुधा फार दूरचे असतात, असा अनुभव आहे. असे सुमारें १५० स्रोत निघाले, आणि त्यांपैकीं दोन-तृतीयांश स्रोतांच्या जागीं दृश्य प्रकाशाच्या मोठ्या सर्वेक्षणांत कांहींच दिसत नव्हतें. अर्थात् विश्वाच्या बाल्यावस्थेंतील दीर्घिका शोधावयाच्या तर कोठें शोधाव्या, याची एक नेमकी यादी हातीं आली.

दुसऱ्या प्रकारांत खोली सोडून व्याप्ति धरतात. एप्रिल २०१० ते मार्च २०१२ या दोन वर्षांत खोडदच्या दुर्बिणीनें याच दोन मीटर लांबीच्या लहरींवर ५३३६ दिशांना रोखून दोन हजारांहून अधिक तास आकाश पाहिलें. दक्षिण क्रांति ५३ अंशांपासून उत्तर ध्रुवापर्यंतचें, म्हणजे एकूण आकाशाच्या शेंकडा ९० भाग, क्षेत्र तिनें पालथें घातलें. परंतु पाहणें वेगळें आणि यादी करणें वेगळें. एवढ्या लांब लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युद्भारित थरांतून येतांना हेलकावतात. वाहत्या पाण्याच्या तळाशीं पडलेलें नाणें हललेलें दिसावें, तसें प्रत्येक स्रोताचें होतें. त्यांत माणसांच्या यंत्रांचा गोंगाट मिसळलेला असतो. ह्यूब इंटेमा, प्रशांत जगन्नाथन, कुणाल मुळे व डेल फ्रेल या चौघांनीं सर्व नोंदी नव्यानें घेऊन प्रत्येक दिशेचा हेलकावा निराळा दुरुस्त करणारी, बहुतांशीं आपोआप चालणारी गणितपद्धति वापरली आणि २०१७ सालीं सुमारें ६ लक्ष २० हजार स्रोतांची यादी प्रसिद्ध केली. पूर्ण चंद्राच्या बिंबाएवढ्या आकाशांत सरासरीनें असे तीन स्रोत पडतात.

या यादींत एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. पार्श्वभूमीच्या खरखरीच्या निदान सातपट स्पष्ट असलेला स्रोतच तींत दाखल करून घेतला. उंबरठा खालीं आणला असता तर संख्या कितीतरी फुगली असती. परंतु १९५५ सालचा धडा शास्त्र विसरलें नव्हतें. संख्येपेक्षां सचोटी मोठी, हा तो धडा. तरीहि यादी निर्दोष होती असें नाहीं. आकाशाच्या कांहीं भागांत तेजाचें माप कमी-अधिक पडल्याचें इतर संशोधकांनीं थोड्याच अवधींत दाखवून दिलें आणि दुरुस्त्या सुचविल्या. त्यांत कोणाचा अपमान झाला नाहीं. यादी सर्वांसाठीं खुली होती, म्हणूनच तिच्यांतील चुका सांपडल्या.

खुलेपणाचा दुसराहि लाभ झाला. शास्त्रज्ञ आनंद होता यांनीं २०१३ सालीं सुरू केलेल्या उपक्रमांत देशांतील विद्यार्थी व सामान्य नागरिक खोडदच्या या चित्रांतून चमत्कारिक आकाराच्या दीर्घिका हुडकून काढतात. अशा एका दीर्घिकेचा वृत्तांत २०२२ सालीं इंग्लंडांतील प्रतिष्ठित नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. तिच्या गाभ्यांतून निघणारा झोत शेजारच्या दीर्घिकेवर आदळत आहे. शहरापासून दूर असलेल्या शाळेंतील मुलालाहि, जेथें संगणक व तारायंत्राचा आधुनिक अवतार पोंचला आहे तेथें, हें काम करतां येण्यासारखें आहे.

परंतु या सर्व उद्योगाला एका गोष्टीची नितांत गरज आहे. ती म्हणजे शांतता. खोडदची जागा निवडण्यांत आली ती डोंगरांनीं वेढलेली व शहरी गोंगाटापासून दूर म्हणून. आतां प्रत्येक खिशांत एक रेडिओ-यंत्र आहे, आणि माथ्यावरून कृत्रिम उपग्रहांचे तांडे फिरत आहेत. अब्जावधि वर्षें प्रवास करून आलेली लहर इतकी क्षीण असते कीं जवळच्या क्षुल्लक यंत्राचीहि ठिणगी तिला बुडवून टाकते. पुणें-नाशिक या नव्या लोहमार्गाची आंखणी खोडदच्या परिसरांतून जाते, म्हणून ती बदलावी काय, हा प्रश्न २०२४-२५ सालीं वृत्तपत्रांतून गाजला. रेल्वेची वाट पाहणाऱ्या लोकांची निकड खरी आहे. ज्याच्या गांवाला अजून धड रस्ता नाहीं, त्याला आकाशाच्या शांततेचें महत्त्व पटवून देणें सोपें नाहीं. पण मार्ग दुसरीकडून नेतां येतो, आणि गोंगाटानें भरलेलें आकाश पुन्हां शांत करणें त्याहून पुष्कळ अवघड असतें, हेंहि तितकेंच खरें आहे.

पंचांगकर्त्यांनीं सत्तावीस नक्षत्रें मोजलीं, रेबरनें तीन उंचवटे मोजले, राईल यांनीं पन्नास स्रोत मोजले आणि खोडदनें सहा लक्ष मोजले. प्रत्येक यादी अपुरी होती, आजचीहि आहे. परंतु जिनें आपला अपुरेपणा लपविला नाहीं, तिच्यावरच पुढच्याला पाय ठेवून वर चढतां आलें.